वाट पाहताना मूल मोठं होतं...

जून उजाडला की आमच्या मुळशीत दोन कामं एकदमच अंगावर येतात. भाताची रोपं टाकायची आणि पोरांना शाळेत घालायचं. भाताचं गणित इथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं. रोपं तीनेक आठवड्यांची झाली की उपटायची आणि चिखलात लावायची. लावणी लांबली तर पाऊस असतो, खत असतं, माणसंही असतात; पण रोपच जून झालेलं असतं. मग कितीही राबा, फुटवे बेताचेच येतात.

शेतात एवढं काटेकोर पाळलं जाणारं वेळेचं हे गणित मुलांच्या बाबतीत कुठे जातं, हा प्रश्न मला गेली पंधरा वर्षं पडतोय. त्यातही जी मुलं जरा वेगळी आहेत, ज्यांना ऐकू कमी येतं, चालता येत नाही, अक्षरं उलटी दिसतात, बोलायला उशीर लागतो, अशा मुलांच्या बाबतीत. त्यांच्या मदतीच्या वेळी मात्र सगळेच सांगतात, ‘बघू, येईल, थांबा जरा!’

माझी लेक सेरेब्रल पाल्सीची आहे. आता ती कॉलेजात जाते. पण तिच्या शाळेच्या काळात मी जे उंबरे झिजवले, त्यामुळे आता आजूबाजूच्या गावांतल्या आया काही अडलं की माझ्याकडे येतात. कुणाच्या हातात फाइल असते, कुणाच्या हातात नुसतीच एक चिठ्ठी. परवा रिहे खोऱ्यातली एक जण आली होती. म्हणाली, “ताई, बाई म्हणत्यात पोरगं मठ्ठ न्हाई, पण लिहीत न्हाई. तपासून आणा म्हणत्यात. कुठं न्यायचं ते कुणी सांगंना!” पोरगा चौथीत. बाईंना शंका आली होती तो दुसरीत असताना. म्हणजे दोन वर्षं ‘तपासून आणा’ या दोन शब्दांतच गेली.

मैत्रिणींनो, ही दोन वर्षं कुणी चोरली? नीट बघितलं तर एकही माणूस वाईट सापडत नाही. बाई चांगल्या, डॉक्टर चांगले, ऑफिसातले साहेबही ऐकून घेणारे. तरी वर्षं गेलीच. म्हणूनच हा विषय लिहायला घेतला.

हक्क आहे, घड्याळ नाही

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपण मागे नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ही यादी एकवीसवर गेली. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता यांनाही त्यात जागा मिळाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून आहे. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलं ‘वंचित गटात’ धरली गेली. म्हणजे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवरही त्यांचा हक्क आला.

२०१६ च्या कायद्याचं १६ वं कलम तर वाचतच राहावं असं आहे. शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि वर्ग सोयीचे करायचे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची, येण्याजाण्याची सोय करायची. ज्या मुलाला जास्त आधार लागतो त्याच्या मदतनिसाचीसुद्धा! १७ व्या कलमात परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे.

मग अडतं कुठं? तर ‘कधीपर्यंत’ या शब्दापाशी. शंका आल्यापासून किती दिवसांत तपासणी व्हावी, तपासणीनंतर किती दिवसांत विशेष शिक्षक वर्गात यावा, याला तारीख नाही. अमेरिकेत १९७५ पासून अशा मुलांच्या शिक्षणाचा कायदा आहे. तिथे पालकांनी संमती दिली की साठ दिवसांत तपासणी पूर्ण करायची असते. राज्याने स्वतःची वेगळी मुदत ठरवली असेल तर ती. इंग्लंडमध्ये मुलाची योजना वीस आठवड्यांत हातात पडावी असा नियम आहे. तिथेही सगळं छान नाही बरं का! इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास योजनाच वेळेत होतात आणि तिथल्या आयाही आपल्यासारख्याच वैतागतात. पण निदान ‘उशीर झाला’ असं म्हणायला त्यांच्याकडे एक तारीख असते. आपल्याकडे उशीर मोजायलाच काही नाही.

एका टप्प्याला मात्र आपल्याकडेही मुदत आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची. २०१७ च्या नियमांत ती एक महिन्याची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले आणि ती तीन महिन्यांची झाली. तीन महिने ऐकायला फार वाटत नाहीत. पण पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरावी असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्यातले तीन महिने म्हणजे साठ-सत्तर दिवस तरी सहज. एका कागदासाठी!

वर्ष कसं जातं?

आमच्याकडे वर्ष कसं जातं ते सांगते. जूनमध्ये बाईंना वर्गाचा अंदाज येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीचा पाऊस! ताम्हिणीच्या बाजूला तो कसा कोसळतो हे पाहिलेल्यांनाच ठाऊक. वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत चालत येणंच मुश्कील, तिथे मुलाला घेऊन पौडला आणि तिथून पुढे औंधच्या जिल्हा रुग्णालयात कोण जाणार? शिवाय तेव्हाच लावणी असते. एक दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडालीच. मग गणपती. मग सहामाही, दिवाळी. दिवाळीनंतर भातकापणी आणि झोडणी. कातकरी वस्तीतल्या घरांचं तर विचारूच नका, पावसाळा संपला की कितीतरी कुटुंबं कामासाठी गाव सोडतात. जानेवारीत जरा उसंत मिळते, तोवर वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. ‘आता पुढच्या वर्षी बघू!’ आणि पुढच्या वर्षी काय होतं? बाईंची बदली. नव्या बाईंना वर्गाचा अंदाज यायला पुन्हा एक सहामाही.

रुग्णालयातही एका फेरीत काम होतं असं नाही. आधी ऑनलाइन अर्ज भरायचा. त्याला आधार कार्ड, फोटो, पत्ता जुळायला हवा. गावात रेंज नसते, म्हणून पिरंगुटला किंवा पौडला जाऊन भरायचा. मग तारीख. कानाची तपासणी एका दिवशी, बुद्ध्यंकाची दुसऱ्या दिवशी. प्रत्येक फेरीला आईची मजुरी, दोघांचं बसभाडं आणि घरी राहिलेल्या धाकट्याची सोय. तिसऱ्या फेरीला नवरा किंवा सासूबाई विचारतातच, “एवढं करून मिळणार काय?” या प्रश्नाचं उत्तर आईकडे नसतं. कारण तिला ते कुणी सांगितलेलंच नसतं. बऱ्याच फाइली इथेच थांबतात.

अध्ययन अक्षमतेची आणखीनच गंमत. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत, म्हणजे साधारण तिसरीपर्यंत, त्याचं प्रमाणपत्र देत नाहीत. त्यामागे कारण आहे. लहान वयात अक्षरं उलटी काढणं हे पुष्कळ मुलांचं होतं आणि पुढे सुटतं. पण ‘प्रमाणपत्र मिळत नाही’ याचा अर्थ आपण लावतो, ‘मदत करायची नाही’. तो चुकीचा आहे. महाराष्ट्रानं या मुलांना दहावीला सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली होती. ‘तारे जमीन पर’ आला २००७ मध्ये. पण सुरुवातीला प्रमाणपत्रं मुख्यतः मुंबईतली मोजकी सरकारी रुग्णालयं देत. शहरातल्या जाणत्या पालकांना सवलती कळल्या, खेड्यातली मुलं ‘ढ’ म्हणूनच शाळा सोडून गेली. त्यांची कुठे नोंदसुद्धा नाही.

एकाच तालुक्याची दोन टोकं

आमचा तालुकाही मजेशीर आहे. पूर्वेला हिंजवडी, माण, संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या. भूगाव-लवळ्याच्या बाजूला इंग्रजी नावांच्या शाळा. आणि पश्चिमेला धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगरातल्या वाड्या, तिथे दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा.

तुम्हाला वाटेल, पूर्वेच्या टोकाला सगळं सोपं असेल. तसं नाही. तिथल्या एका उच्चशिक्षित आईला शाळेनं सांगितलं, ‘मुलासोबत दिवसभर बसणारी बाई तुम्ही तुमच्या खर्चानं ठेवा, मग बघू.’ तिनं बाई ठेवली, चार महिन्यांनी ती सोडून गेली. पुढे या आईनं नोकरी सोडली. पश्चिमेच्या टोकाला पैशांचा प्रश्नच नाही, कारण तिथे ठेवायला बाईच नाही! आई मुलाला पाठुंगळी घेऊन शाळेत नेते आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते. म्हणजे एकीची नोकरी गेली, दुसरीची मजुरी गेली. शाळेनं द्यायची मदत दोन्हीकडे शेवटी आईनंच दिली.

आणि हे कुणी मोजत नाही. मदत उशिरा आली की ‘मुलाचं नुकसान’ झालं म्हणतात, ते खरंच. पण त्या उशिराची किंमत रोज कोण भरतं? घरातली बाई. मुलगी दिव्यांग असेल तर आणखी वेगळं. ‘तिला शिकून काय करायचंय?’ म्हणून तिची फाइल सुरूच होत नाही. वास्तविक सरकारनं समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी बारावीपर्यंत दरमहा दोनशे रुपये, वर्षातले दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता ठेवलाय. दोनशे रुपयांत काय होतं म्हणाल. पण ‘हिचं नाव शाळेत असायलाच हवं’ असं म्हणायला आईला एक कारण तरी मिळतं.

माझ्या लेकीच्या वेळचं थोडं सांगते. वर्ग पहिल्या मजल्यावर होता. खालच्या मजल्यावर द्या, एवढीच आमची मागणी. त्याला एक खुर्चीदेखील विकत आणावी लागणार नव्हती. ‘वर कळवलंय’ असं उत्तर अख्खं वर्ष मिळालं. कधी मी, कधी तिचे बाबा, तिला उचलून वर नेत होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण त्या एकाच शाळेचं हे नाही. दुसऱ्या वर्षी नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी एका दुपारीत वर्ग बदलून दिला. एका दुपारीत! तेव्हा मला कळलं, की सगळ्याच उशिरांमागे पैसा किंवा माणसांची टंचाई नसते. कधीकधी कुणीतरी ‘हो’ म्हणायचं राहिलेलं असतं, एवढंच.

शिक्षक कुठे आहेत?

अर्थात टंचाईही खरी आहे. विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करत आले. आमच्यासारख्या डोंगरी तालुक्यात एकेका शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा येतात! एका वाडीत एक मूल, पुढच्या दोन वाड्यांत एकही नाही, मग दहा किलोमीटरवर आणखी एक. त्यांनी तरी कुठे कुठे पोहोचायचं?

सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात प्रमाण सांगितलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना पुन्हा बजावलं, की मंजूर पदं जाहीर करा आणि भरतीला लागा. निकालापासून या आदेशापर्यंत साडेतीन वर्षं गेली. २०२१ मध्ये पहिलीत असलेलं मूल तोवर चौथी संपवत आलं होतं.

मुलांचे वर्ग मात्र पुढे सरकतच राहतात. पूर्वी आठवीपर्यंत नापास करत नसत. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. ज्या मुलाची अडचण कागदावर आलीच नाही, त्याला या परीक्षेत कोण समजून घेणार?

तोवर आपण काय करायचं?

आता कामाचं बोलू. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट, तोंडी बोलू नका, लिहून द्या. साध्या वहीच्या कागदावर चार ओळी पुरतात. मुलाचं नाव, इयत्ता, काय अडचण दिसते आणि काय सोय हवी. खाली तारीख. त्याची एक प्रत जवळ ठेवा आणि त्यावर शाळेची पोच घ्या, शिक्क्यासकट. कायद्यात घड्याळ नसेल, तर आपण आपलं घड्याळ या पोचेपासून सुरू करायचं. ‘मी बाईंना सांगितलं होतं’ आणि ‘मी १२ जुलैला अर्ज दिला होता’ यात फार फरक पडतो. लिहिता येत नसेल तर बचत गटातल्या कुणाकडून लिहून घ्या. त्यात कमीपणा नाही.

दुसरी, प्रमाणपत्रासाठी प्रवेश आणि साध्या सोयी अडवून ठेवू देऊ नका. चाळीस टक्क्यांची अट सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासारख्या काही लाभांना आणि योजनांना आहे. शाळेनं सोयी देण्याचं १६ वं कलम सगळ्याच दिव्यांग मुलांसाठी आहे, त्यात टक्के लिहिलेले नाहीत. पुढच्या बाकावर बसवणं, फळ्यावरचं मोठ्यानं वाचणं, लिहायला जादा वेळ देणं, तोंडी उत्तर घेणं, वर्ग खालच्या मजल्यावर आणणं, याला कुठल्या बोर्डाची सही लागते? हे उद्यापासून होऊ शकतं.

तिसरी, अंगणवाडीपासून लक्ष ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. सेविकाताईंना आधी विचारून ठेवा आणि पथकानं पुढे पाठवायला सांगितलं तर ती चिठ्ठी जपून ठेवा.

चौथी, शाळेच्या ऑनलाइन नोंदीत, म्हणजे यू-डायसमध्ये, आपल्या मुलापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरलाय का, ते मुख्याध्यापकांना विचारा. साधनं, भत्ते, शिक्षक यांचा हिशेब या आकड्यांवरून होतो. नोंदच नसेल तर वरच्यांच्या दृष्टीनं आपलं मूल त्या शाळेत नाहीच.

पाचवी, कुणी ‘याला घरीच ठेवा, घरी शिकवू’ म्हणालं तर नीट ऐका. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनं दिला. पण तो मुलाचा हक्क आहे, शाळेची पळवाट नव्हे. मूल शाळेत जाऊ शकत असेल तर ते शाळेतच जाणार. आणि घरी शिकणार असेल तर नाव हजेरीपटावर हवं आणि शिकवणारं माणूस दारात यायला हवं. नुसतं घरी बसणं म्हणजे घरी शिकणं नाही.

सहावी, उत्तर आलंच नाही तर पुढची पायरी चढा. आधी पौडला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मग माहितीचा अधिकार. ‘माझ्या अर्जावर काय झालं?’ एवढंच विचारायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, आपल्याला तर मुंबईलाही जायला नको. बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच काम होतं, असा माझा अनुभव आहे.

अर्धी समिती बायकांची

आणि आता ज्यांच्या घरात असं मूल नाही, त्या मैत्रिणींसाठी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांनाही त्यात जागा आहे. आपण समितीवर असतो, सही करतो, चहा पितो आणि घरी येतो. त्याऐवजी प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारला तर? ‘शाळेत विशेष गरजा असलेली मुलं किती आणि मागच्या बैठकीपासून त्यांच्यासाठी काय झालं?’ हा प्रश्न इतिवृत्तात लिहायला लावा. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. त्या मुलाची आई दमलेली असते, भांडायला घाबरते, कारण तिचं मूल त्याच बाईंच्या हाताखाली असतं. आपल्याला ती भीती नाही. म्हणून आपण विचारायचं.

मोठ्यांच्या जगाकडे आमच्या तालुक्यात एक चांगलं उदाहरण आहे. कोळवणला ‘साधना व्हिलेज’ १९९४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सोबत घेऊन राहतंय. शेती, हातकाम, सण-समारंभ, सगळं एकत्र. तिथे गेलं की एक गोष्ट कळते. ही मुलं मोठी होतातच. आपण वेळेवर मदत केली तरी आणि नाही केली तरी. प्रश्न एवढाच, की मोठं होताना त्यांच्या हाताला काय लागलेलं असेल?

रिहे खोऱ्यातल्या त्या आईचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. पोच मिळाली आहे. चौथीच्या बाईंनी त्याला पहिल्या बाकावर आणलंय आणि गणिताची उत्तरं तोंडी घ्यायला सुरुवात केली आहे. रुग्णालयाची तारीख अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा येईल. तोवर आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन ‘काय झालं?’ विचारायचं, असं तिनं ठरवलंय. “रोज गेलं तर बाई चिडतील का हो ताई?” असं तिनं विचारलं. मी म्हटलं, “चिडू देत. विसरू देऊ नकोस, म्हणजे झालं!”